शाकारणीच्या नोंदी, २०२५

काम: कौलारू घराचं छप्पर उतरवून, लाकूड दुरुस्त करून, पुन्हा चढवणं.
जागा: राजापूर तालुक्यातलं आमचं घर. ३६ बाय २६ फूट, दोन पाखी (उतार), मंगळुरी कौलं.
माणसं: मेस्त्री, त्यांचा पुतण्या, खालच्या वाडीतले दोघं, मी. आई देखरेखीला.
मुदत: ३१ मे. ही मुदत मी ठरवली आहे. पुढे कुणाला विचारायची वेळ येऊ नये म्हणून आधीच लिहून ठेवते.

२९ मार्च, शनिवार

पाडव्यासाठी आले. सामान ओटीवर टाकून बॅटरी घेऊन माळ्यावर गेले. आढ्याच्या, म्हणजे दोन्ही पाख्यांच्या माथ्यावरच्या तुळईच्या, दक्षिणेकडच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाहिला, मुठीपर्यंत गेला. भिंतीवर टेकणारं दीड फूट लाकूड म्हणजे नुसता भुसा. चार वाशांची शेपटं गेलेली. रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) मोजल्या नाहीत, बदलायच्या त्या सगळ्याच.

आईला विचारलं, कधीपासून गळतंय. म्हणाली, "दोन पावसाळे टोप ठेवते तिथे. तुला फोनवर काय सांगायचं? तू पुण्याहून टोप धरणार होतीस?"

बाबा गेले २०२३ च्या फेब्रुवारीत. त्यानंतर छपराला कुणी हात लावलेला नाही. ते असताना दरवर्षी पाव छप्पर उघडायचे. एका वर्षी पूर्वेच्या पाख्याचा अर्धा भाग, पुढच्या वर्षी उरलेला अर्धा, मग पश्चिम. चार वर्षांत अख्खं छप्पर एकदा हातातून जायचं. मी वीस वर्षं पुलांची आणि इमारतींची कामं करते, देखभालीचं वेळापत्रक या विषयावर लोकांना शिकवते, आणि आमच्या घरी ते चालू आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, बाबांना मे महिन्यात स्वस्थ बसवत नाही.

३० मार्च, रविवार (पाडवा)

गुढी उभारून झाल्यावर पत्र्याची ट्रंक उघडली. बाबा गावातल्या पोस्टाचे शाखा डाकपाल होते. ग्रामीण डाक सेवकाची नोकरी दिवसाची चार-पाच तासांची, पगार त्याच मापाचा, त्यामुळे उरलेल्या वेळात शेती आणि घराची सगळी डागडुजी. पण हिशेबाची सवय पोस्टाची. जुन्या नोंदवहीच्या कोऱ्या पानांवर १९७८ पासूनची दर वर्षीची शाकारणी लिहिलेली आहे. तारीख, कोण आलं, मजुरी किती, कौलं फुटली किती, शिल्लक किती, ठेवली कुठे.

भावना शोधायला गेलं तर एक शब्द मिळत नाही. १९९९ साली बाबा छपरावरून पडले होते, खांद्याचं हाड मोडलं होतं, मला ते चांगलं आठवतं. वहीत त्या वर्षी लिहिलंय: "काम ४ दिवस बंद. कौलं फुटली ११."

काम नेहमी पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांत सुरू आणि अक्षय्य तृतीयेला संपलेलं. पंचेचाळीस वर्षांत याला अपवाद दोनच. मी ते मुहूर्ताचं खूळ समजून पुढचं पान उलटलं. मेस्त्री २५ एप्रिलनंतर मोकळे आहेत, मला रजा २६ पासून आहे, मान्सून आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी येतो. पाच आठवडे पुरेसे आहेत. तक्ता करून मेस्त्रींना व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला.

६ एप्रिल, रविवार

मुंबईहून दादाचा फोन, तासभर. त्याचं म्हणणं, कौलं काढून पत्रे टाका. त्याचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. आई बहात्तरची, एकटी. माकडांच्या टोळ्या दर आठवड्याला छपरावरून उड्या मारतात आणि दर खेपेला पाच-सहा कौलं जातात. कौल सारणारा माणूस वेळेवर मिळत नाही. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांवर गेल्या दहा वर्षांत निळे नाहीतर लाल पत्रे आले ते हौसेनं नाही, माकडांमुळे.

माझ्या बाजूनं मी आकडे मांडले. फुटाला सात इंच उतार, वळचणीसकट सुमारे १,३९० चौरस फूट, शंभर चौरस फुटाला दीडशेच्या हिशेबानं २,१०० कौलं. एक कौल सव्वादोन किलो धरलं तर पावणेपाच टन. कौल पाणी पितं, त्यामुळे आषाढात साडेपाच टनांच्या आसपास. दादा म्हणाला, "म्हणजे आईच्या डोक्यावर साडेपाच टन. मी तेच सांगतोय."

शेवटी आई मध्ये बोलली, की पत्र्याखाली पावसाच्या आवाजात तिला टीव्ही ऐकू यायचा नाही. विषय तिथे मिटला. दादा अर्धे पैसे देतोय, वर माकडांसाठी जाळीचे वेगळे.

२६ एप्रिल, शनिवार

काम सुरू. सकाळी साडेसहाला शिडी लावली.

मी लहान असताना बाबांनी पहिल्यांदा मला छपरावर नेलं होतं. आजी ओटीवरून ओरडत होती, खाली बघू नको, खाली बघू नको. बाबा म्हणाले, "खाली बघ. कुठे उतरायचं ते आधी बघ, मग चढ." मी अजून परांचीवर जाताना हेच करते, आणि साइटवरच्या नवीन मुलांनाही तेच करायला लावते. हे बाबांचं वाक्य आहे हे मात्र त्यांना कधी सांगितलेलं नाही.

पाय ठेवायचा तो रिपेवर, तोही खाली वासा असेल तिथेच. कौलं आढ्याकडून खाली उतरवायची. साखळी करून हातोहात. खाली रचताना आडवी एकावर एक नाही, उभी, टेकवून, पन्नासाची रांग. आडवी रचली की तळातली दबून तडकतात. हे सगळं मेस्त्रींना माहीत आहेच, पण खालच्या वाडीतले काका रांग लावता लावता म्हणाले, "तुमचे बाबा पन्नासावं कौल उलटं ठेवायचे. मोजायला." आम्हीही तसंच ठेवलं.

दुपारपर्यंत कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, काढायला घेतले आणि गाडी अडली.

२०१६ साली कोन्यांचे सांधे गळायला लागले होते. बाबा ते दर काही वर्षांनी चुन्यात भरत. मी पुण्याहून सांगितलं, चुना कशाला, एकदाच सिमेंटमध्ये पक्के करून टाका, मी माणूस पाठवते. बाबा फोनवर "बघ" एवढंच म्हणाले. आमच्या घरात "बघ" याचा अर्थ "मला पटत नाही" असा होतो, पण मी इंजिनिअर होते.

आज ते सिमेंट छिन्नीनं फोडायला लागलं. ३४ कोन्यांपैकी २७ फुटले. सिमेंट एक इंचही सुटलं नाही, प्रत्येक वेळी फुटलं ते कौल. लाकूड उन्हापावसात फुगतं, आकसतं. चुन्याचा सांधा त्याच्याबरोबर थोडा हलतो, सिमेंटचा हलत नाही. मग केसासारखी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जातं, आणि वरून सगळं बंद असल्यामुळे लाकूड वाळत नाही. आढ्याचं टोक कशानं कुजलं हा प्रश्न सुटला. बांधकामात आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो की सांध्याचा माल विटेपेक्षा नरम असावा, बिघडायचं ते सांध्यानं, विटेनं नाही. हे मला परीक्षेत आलं होतं. मी बरोबर लिहिलं होतं.

संध्याकाळी वही काढून २०१६ चं पान पाहिलं. "कोने सिमेंटात घेतले, ३४. बायच्या सांगण्यावरून." बाय म्हणजे मी. खाली: "चुना शिल्लक, गोठ्यात."

२७ एप्रिल, रविवार

चुना खरंच गोठ्यात आहे. घट्ट झाकणाच्या दोन मोठ्या बरण्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. विरवलेला चुना पाण्याखाली राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो, उलट जुना झाला की चांगला होतो. वर बोटभर जाड कडक पापुद्रा आलाय. तो फोडला तर खाली लोण्यासारखा. म्हणजे २०१६ नंतरही बाबा त्यात पाणी घालत राहिले, सात वर्षं. मला कधी बोलले नाहीत.

याचं मला बरं वाटावं की राग यावा हे अजून ठरलेलं नाही. एक वाक्य बोलले असते तर आढं वाचलं असतं. मी ऐकलं असतं का, हा वेगळा प्रश्न. मेस्त्री म्हणाले, "सांगून काय करतले? तुमी शिकलेली."

३० एप्रिल, बुधवार (अक्षय्य तृतीया)

बाबांच्या हिशेबानं आज काम संपायचा दिवस. आमचं पूर्वेचं पाखं पूर्ण उघडं, पश्चिमेचं निम्मं. तक्त्याप्रमाणे सगळं वेळेत आहे.

कौलं घासणं चालू. काथ्यानं, नुसत्या पाण्यानं. शेवाळ गेलं की मागचे छाप दिसतात. बहुतेक मंगळूरच्या वेगवेगळ्या कारखान्यांचे, पण पश्चिमेच्या पाख्यावर साधारण तीनशे कौलं बासेल मिशनची निघाली, १८६५ असा आकडा असलेली. पुतण्यानं लगेच फोटो काढले, दीडशे वर्षांची कौलं म्हणून. तसं नाही. तो आकडा जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूरला कारखाना काढला त्या वर्षाचा, कौल भाजलं त्या वर्षाचा नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे उद्योग दुसऱ्या कंपनीकडे गेले, म्हणजे शंभरी तरी ओलांडली असेल. पण आमचं घर १९५६ चं. आजोबांनी ती कुठल्यातरी मोडलेल्या घराची घेतली असणार. जुनं ते चांगलं म्हणून नव्हे, स्वस्त म्हणून.

एक गोष्ट शिकले. एका पट्ट्यात एकाच छापाची कौलं. प्रत्येक कारखान्याची खाच किंचित वेगळी असते, दोन छाप शेजारी आले की नीट बसत नाहीत आणि सांध्यातून थेंब येतो. बाबांनी छापानुसार पट्टे पाडले होते. आम्ही शनिवारपासून सगळी कौलं एकत्र रचली. आता उतरवलेली सगळी कौलं उलटी करून छाप बघून वेगळी करायची. दीड दिवस गेला.

दुपारी आणखी एक झालं. मागच्या पडवीच्या वळचणीतून काकांनी कौल काढलं तर वासा आणि भिंत यांच्या बेचक्यात एक कप होता. चिनीमातीचा, कान तुटलेला, निळी रेघ. काकांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. मी विचारलं, कसला कप. म्हणाले, "आमच्या आयेचा." आणि तो खाली चिऱ्यावर ठेवून पुढचं कौल काढायला लागले.

मला समजायला वेळ लागला नाही. शिवाशिवीपायी वळचणीला खोचलेला वेगळा कप कोकणातल्या कितीतरी घरी होता, हे मी वाचलेलं होतं, ऐकलेलं होतं, आणि दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोललेही होते. स्वयंपाकघरात आईला विचारलं. ती म्हणाली, आजीचा नियम. मी विचारलं, आजी गेली १९८८ ला, त्यानंतर? आई कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "त्यानंतर दोन-तीन वर्षं मीच दिलाय त्यात चहा. मग त्या यायच्या बंद झाल्या. तुझ्या बाबांनी कधी दे म्हटलं नाही, कधी देऊ नको म्हटलं नाही."

बाबा त्याच वाडीत रोज पत्रं घेऊन जायचे, मनीऑर्डरी वाचून दाखवायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांच्या घरी पाणी प्यायचे का, मला माहीत नाही. विचारायचं राहिलं. ते न बोलता काम करायचे याचं मला इतके दिवस कौतुक होतं. आज ते तेवढं राहिलं नाही. त्यांनी काही गोष्टी न बोलता केल्या आणि काही न बोलता चालू दिल्या, आणि वहीत दोन्हींची नोंद नाही.

चहा सगळ्यांनी स्टीलच्या पेल्यांतून ओटीवर घेतला. तसा तो पहिल्या दिवसापासूनच घेत होतो. कपाचं काय करायचं, म्हणून काकांना विचारलं. "मला कशाला तो?" म्हणाले. कप चिऱ्यावरच आहे.

३ मे, शनिवार

आढ्याला सांधा. जुन्या घराचा सागाचा तुकडा खारेपाटणच्या बाजूनं मिळाला, साडेतीन फूट. मेस्त्रींनी तिरका सांधा कापला, लाकडी खुंट्या मारल्या. मी स्टीलच्या पट्ट्या आणि बोल्ट आणले होते. मेस्त्री म्हणाले, बसवा हवं तर, पण पुढच्याला काढताना करवत मोडेल. बोल्ट परत पिशवीत.

बाबांच्या सगळ्या दुरुस्त्या उघडता येतात हे आता दिसायला लागलंय. खिळा पूर्ण ठोकलेला नाही, डोकं जरा वर ठेवलेलं. वाशांवर खडूनं नव्हे तर खाचा पाडून आकडे: एक खाच, दोन खाचा, फुली. कुठला वासा कुठे हे अंधारात हातानं कळावं असं. माळ्यावरच्या कोपऱ्यात त्यांची मापाची काठी मिळाली, बांबूची, साडेबारा इंचांवर खाचा. रिपांमधलं अंतर. टेप लावून तपासली, सहा फुटांत फरक एक सूत.

मजुरी रोजच्या रोज, सूर्य मावळायच्या आत, हत्यारं धुवायच्या आधी. हा मात्र बाबांचा बोललेला नियम. पोस्टात रात्री रोकड जुळल्याशिवाय उठायचं नाही, तसंच हे. मी पहिल्या आठवड्यात "शनिवारी एकदम देते" म्हणाले होते. कुणी काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळे अर्धा तास उशिरा आले. आता रोज देते.

७ मे, बुधवार

दुपारी अवकाळी सर. ताडपत्री उडाली, माजघरात पाणी. आईची जुनी लाकडी पेटी भिजली, आतलं कोरडं आहे. नवीन रिपांना बोरॅक्स-बोरिकचं पाणी दिलं होतं, ते धुऊन गेलं की राहिलं कळायला मार्ग नाही. पुन्हा दिलं. बाबा काजूच्या टरफलांचं काळं तेल लावायचे. ते वाळवीला उत्तम, पण हातावर पडलं की कातडी जळते. त्यांच्या मनगटावर त्याचे डाग कायम होते. हे एक मी मुद्दाम बदललं.

११ मे, रविवार

पूर्वेचं पाखं चढवलं. प्रत्येक कौल चढवण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर वर, भद्द वाजलं तर बाजूला. चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. पुतण्या कानात इअरफोन घालून वाजवत होता. मेस्त्रींनी न बोलता एक इअरफोन काढून स्वतःच्या खिशात टाकला.

काचेचं कौल कुठे बसवायचं म्हणून वही पाहिली. १९९३: "काचेचं कौल पश्चिमेवरून काढून पूर्वेला, ओटीवर." १९९३ ला मी सातवीत, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसले होते, पहाटे ओटीवर अभ्यासाला बसायचे. वहीत कुठेतरी मी आहे असं वाटलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अभ्यास कसला? त्यांना दाढी करायला उजेड लागायचा."

काचेचं कौल होतं तिथेच बसवलं.

१६ मे, शुक्रवार

चार वर्षांपूर्वी याच तारखेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं. त्या रात्री बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि मी फोनवर त्यांना घराबाहेर पडू नका म्हणून विनवत होते. ते "हो, हो" म्हणाले आणि पहाटे छपरावर गेले. वहीत: "वादळ. कौलं गेली ६२. शिल्लकीतून लावली. शिल्लक १४०." गावात त्या आठवड्यात कौल विकत मिळत नव्हतं. बाबांनी गोठ्यामागे कायम दोनशेच्या वर ठेवलेली असायची, आणि त्यांतली किती शेजाऱ्यांना दिली त्याचीही यादी आहे. कुणी परत केली त्यापुढे बरोबरची खूण. तीन जणांपुढे नाही. त्यांतला एक आमचा सख्खा चुलता आहे.

पश्चिमेचं पाखं पूर्ण. उद्यापासून कोने. २७ जुने कोने मिळवायला चार गावं फिरले, नग चाळीस रुपये.

१८ मे, रविवार

कोने चुन्यात बसवले, ३४ पैकी ३४. बाबांचा चुना, नदीची वाळू, एकास तीन. हाताला मऊ लागतो. संपूर्ण छप्पर बंद झालं. मुदतीआधी तेरा दिवस. दादाला फोटो पाठवला. त्यानं लिहिलं: "माकडं?"

२० मे, मंगळवार

रात्रीपासून पाऊस. सर नाही, लागून. अरबी समुद्रात आमच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र होतंय, हवामान खात्याचा इशारा आहे.

सकाळी अंगणात पागोळ्या पडत होत्या त्या पांढऱ्या. दुधासारख्या. क्षणभर कळलं नाही, मग पोटात गोळा आला. चुना धुऊन चाललाय.

चुना सिमेंटसारखा एका दिवसात धरत नाही. तो हवेतूनच हळूहळू कडक होतो, महिनाभर कोरडा काळ लागतो. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत मोजलं तर पाच-सहा आठवडे. बाबांनी मुहूर्त पाळला नव्हता, चुन्याला वाळायला वेळ दिला होता. आणि पाऊस आधी आला तर, म्हणून त्यातच पंधरा दिवस जास्तीचे. माझ्या तक्त्यात चुन्यासाठी रकाना होता. मी त्यात "१ दिवस" लिहिलं होतं, सिमेंटच्या सवयीनं.

२१ मे, बुधवार

आढ्यावर ताडपत्री टाकायचा प्रयत्न दोनदा. वारा. पुतण्याला मी वर जाऊ दिलं नाही, मग मेस्त्रींनी मलाही जाऊ दिलं नाही. वीज नाही.

२३ मे, शुक्रवार

दोन तास उघाड. ताडपत्री बसली, दोन्ही बाजूंना वाळूच्या पोत्यांचं वजन, दोर वाशांना आतून बांधले. २८ कोने धड आहेत. दक्षिणेकडचे सहा, जिथे वारा थेट लागतो, तिथला चुना जवळजवळ गेलाय, आणि बरोबर त्यांच्याच खाली नवा सांधा आहे.

मेस्त्री म्हणाले, "ताई, आता सिमेंट मारू. पाऊस थांबायचा नाही."

मी शिडीवर उभी होते. काय करायचं हे बाबांना विचारलं असतं तर ते "बघ" म्हणाले असते.

२४ मे, शनिवार

कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. दिवसभर घरातून बाहेर पाय ठेवला नाही. ताडपत्री टिकली. सकाळच्या बातम्यांत मान्सून केरळला पोचल्याचं सांगितलं.

संध्याकाळी माजघरात एक थेंब. आईनं न विचारता जुना टोप आणून ठेवला. मी माळ्यावर गेले, बॅटरी न लावता वाशांवर हात फिरवला. दोन खाचा, तीन खाचा, फुली. फुलीच्या वाशाजवळ ओलं लागलं. बाबांसारखं खालून काठीनं कौल जरा उचलून वर सारलं. खाच बसल्याचा टक् असा आवाज आला. टोपात आणखी चार थेंब पडले, मग थांबलं.

२५ मे, रविवार

मान्सून तळकोकणात. सकाळी दहा ते साडेअकरा उघाड. त्या दीड तासात ते सहा कोने काढून पुन्हा बसवले, चुन्यात थोडं सिमेंट मिसळून. आठ भाग वाळू, दोन भाग चुना, एक भाग सिमेंट. लवकर धरेल, आणि नुसत्या सिमेंटइतका कडक होणार नाही. माझा अंदाज असा की काढायची वेळ आली तर सहातले तीन तरी वाचतील. मेस्त्रींना प्रमाण पटलं नाही, पण त्यांनी मिसळलं.

२६ मे, सोमवार

उद्या पुण्याला. आज मुंबईत मान्सून पोचला, इतक्या लवकर यापूर्वी कधीच नाही असं सांगतायत.

कप चिऱ्यावर दिसला नाही. आईला विचारलं, तिनं धुऊन मांडणीवर ठेवलाय, बाकीच्या कपांच्या शेजारी. कान तुटलेला असल्यामुळे कुणी वापरणार नाही, असं म्हणाली. वापरेल का, ते माहीत नाही. काका उद्या राहिलेल्या मजुरीचा हिशेब घ्यायला येतील. राहिली आहे ती माझ्यामुळे, वादळाच्या दिवसांत बँक बंद होती आणि घरात सुट्टे नव्हते.

बाबांच्या वहीत, २०२२ च्या पानाखाली, त्यांच्याच रकान्यांत लिहिलं:

२०२५. सुरू २६ एप्रिल, संपलं २५ मे. उशिरा.
मेस्त्री, पुतण्या, खालच्या वाडीतले दोघं, मी.
आढ्याला दक्षिणेस सांधा, साग, खुंट्यांचा. वासे ४ नवीन. रिपा सर्व.
कौलं फुटली ८८. कोने फुटले २७, सिमेंटामुळे.
कोने चुन्यात २८. दक्षिणेचे ६ सिमेंट मिसळून, माझ्या सांगण्यावरून.
गळती एक, माजघर, फुलीचा वासा.
मजुरी देणं: एक दिवसाची, दोघांची.
चुना शिल्लक अर्धी बरणी, गोठ्यात. पाणी घातलं.
कौलं शिल्लक १६३, गोठ्यामागे, उभी.